तुळईचा समतोल आणि माणसाचे समत्व

समत्वाइतका आदर लाभलेला आणि समत्वाइतका कमी तपासला गेलेला गुण आपल्या धर्मविचारात दुसरा क्वचितच सापडेल. श्रावणात पोथी लागते, अधिक मासात सप्ताह बसतो, आणि दारव्ह्यापासून वणीपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या देवळांत जेव्हा गीतेचा दुसरा अध्याय निरूपणाला घेतला जातो, तेव्हा सुखदुःखांनी न हालणारा, लाभ आणि हानी यांना एकाच मापाने मोजणारा तो स्थितप्रज्ञ पुरुष श्रोत्यांसमोर आदर्श म्हणून उभा केला जातो. त्या श्रोत्यांत, ज्याच्या कपाशीवर बोंडअळी पडली आहे, ज्याच्या पीककर्जाची मुदत टळून गेली आहे आणि ज्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढलेला आहे, असा एखादा खातेदारही खांबाला पाठ टेकून मान डोलवीत बसलेला असतो. निरूपण त्याला पटत नाही असे मुळीच नाही. परंतु आरती होऊन तो घराकडे वळतो, तेव्हा एक प्रश्न त्याच्याबरोबर चालू लागतो, आणि तो प्रश्न मोठमोठ्या भाष्यकारांनीही टाळू नये अशा योग्यतेचा आहे. माझ्यावरचा भार तिळमात्र कमी झालेला नसताना मी सम राहावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे; आणि उद्या मी मोडलो, तर तो केवळ माझ्या चित्ताचा दुबळेपणा समजावयाचा काय?

या प्रश्नाचा विचार पदार्थविज्ञानातील एका अगदी साध्या वस्तूच्या साहाय्याने करावा असे मला वाटते. ती वस्तू म्हणजे दोन टोकांना टेकलेली तुळई. दृष्टान्ताने सिद्धान्त सिद्ध होत नाही हे नैयायिकांनी आपल्याला केव्हाच बजावून ठेवले आहे. तथापि सिद्धान्त कोठे सैल बांधला गेला आहे ते दाखविण्याचे काम दृष्टान्त चोख बजावू शकतो, आणि समत्वाच्या बाबतीत ही सैल जागा दाखवून देण्याची आज गरज आहे.

यवतमाळ हा सागाचा जिल्हा आहे. पुसद, उमरखेड, पांढरकवडा या भागांतील जंगलांनी पिढ्यान् पिढ्या वऱ्हाडातील घरांना खांब, तुळया आणि कड्या पुरविल्या. अशा एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात शिरून वर पाहिले, तर धुराने काळवंडलेली, पाळण्याच्या लोखंडी कड्या अद्याप अंगावर वागविणारी, मध्यभागी किंचित खाली झुकलेली एखादी तुळई दिसते. तिच्यावर कड्या आहेत, कड्यांवर फळ्या आहेत, फळ्यांवर हातभर माती आहे आणि पावसाळ्यात त्या मातीत मुरलेले पाणी आहे. दोन्ही टोके भिंतींत किंवा खांबांच्या डोक्यांवर विसावलेली आहेत. शंभर वर्षे ती जागची हललेली नाही, आणि आपण सहजच म्हणून जातो की ती स्वस्थ आहे. या स्वास्थ्याचे स्वरूप काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

स्थितिशास्त्र सांगते की, कोणतीही वस्तू समतोलात असण्यास दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली अट सर्वांच्या ध्यानात चटकन येते: खाली दाबणाऱ्या सर्व भारांची बेरीज आणि वर उचलून धरणाऱ्या आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज एकमेकींशी तंतोतंत जुळली पाहिजे. दुसरी अट अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक बल वस्तूला कोणत्या ना कोणत्या बिंदूभोवती फिरवू पाहते. या फिरविण्याच्या सामर्थ्याला परिबल म्हणतात, आणि ते बल व त्या बिंदूपासूनचे त्याचे लंबांतर यांच्या गुणाकाराने मोजतात. उजवीकडे फिरविणारी आणि डावीकडे फिरविणारी अशी सर्व परिबलेही परस्परांना छेदून शून्य झाली पाहिजेत. पहिली अट पुरी झाली म्हणून दुसरी आपोआप पुरी होत नाही. एक बल वर आणि तेवढेच दुसरे बल खाली, परंतु दोघांच्या रेषांत अंतर, अशी जोडी एखाद्या वस्तूवर लावली, तर बेरीज शून्य असूनही वस्तू गरगर फिरू लागते.

आपल्या शेतकऱ्याच्या संसाराचे शास्त्र ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे, त्यांनी ही दुसरी अट पाठ करून ठेवावी. मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास बियाणे, खत आणि मजुरी यांसाठी पैसा लागतो. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो तो दिवाळीच्या आगेमागे, आणि तो विकून रोकड हाती पडते त्यानंतर. वर्षअखेरीस जमाखर्चाची रुजवात घातली, तर चांगल्या सालात दोन्ही बाजू जुळतातही. बँकेच्या दप्तरी आणि तलाठ्याच्या नोंदीत हे खाते बेबाक दिसू शकते. परंतु खर्च आणि उत्पन्न यांच्यामध्ये जे पाच-सहा महिन्यांचे अंतर पडलेले असते, त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही; आणि माणसाला फिरवून टाकतो तो रकमांमधील फरक नसून हे अंतरच असते. सावकारी ज्या भूमीवर उभी राहते, ती भूमी म्हणजे हे अंतर.

दुसऱ्या अटीत आणखी एक मर्म आहे. परिबलांची बेरीज कोणत्या बिंदूभोवती घ्यावयाची, असे विचारले तर शास्त्र उत्तर देते: वाटेल त्या. तुळईचे डावे टोक घ्या, उजवे घ्या, मध्य घ्या, किंबहुना तुळईच्या बाहेरचा, अंगणातला एखादा बिंदू घ्या. तुळई खरोखर समतोलात असेल, तर बेरीज सर्वत्र शून्यच आली पाहिजे. समत्वाची कसोटीही इतकीच कठोर असावयास हवी. जो मनुष्य स्वतःच्या दृष्टीने शांत आहे, परंतु ज्याच्या शांतीचा भार पत्नीच्या कष्टांवर, मुलाच्या अर्धवट सुटलेल्या शिक्षणावर किंवा सालदाराच्या थकलेल्या मजुरीवर पडलेला आहे, त्याची शांती एका बिंदूभोवती मोजलेली आहे. बिंदू बदलून पाहिला की ती टिकत नाही. संन्यासाच्या नावाखाली पुष्कळदा जे घडते, त्याचा न्यायही याच मापाने करता येईल.

आता भार कोठे पडतो याचा विचार करू. समजा, चार मीटर गाळ्याची, म्हणजे दोन आधारांत चार मीटर अंतर असलेली, एक तुळई आहे, आणि तिच्या स्वतःच्या वजनाचा विचार क्षणभर बाजूस ठेवून तिच्या बरोबर मध्यावर ४०० किलोंचा भार ठेवला आहे. प्रत्येक टोकाचा आधार २०० किलो उचलील, आणि मध्यावर तुळईला वाकविणारे परिबल २०० गुणिले २, म्हणजे ४०० होईल. तोच भार डाव्या टोकापासून एक मीटरवर सरकवला, तर डावा आधार ३०० आणि उजवा १०० किलो उचलील, आणि भाराखालचे परिबल ३०० वर येईल. तो टोकापासून अर्ध्या मीटरवर नेला, तर डाव्या आधारावर ३५० किलो पडतील, उजव्यावर ५०, आणि तुळईला वाकविणारे परिबल अवघे १७५ राहील. तिन्ही प्रसंगी भार तोच, तुळई तीच, आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज तीच ४००, समतोल तितकाच निर्दोष. आणि तरीही तुळईच्या अंगातील पीडा पहिल्या प्रसंगी तिसऱ्याच्या दुपटीहून अधिक. समतोलाचा नियम या फरकाविषयी एक अक्षर बोलत नाही. भार आधारापासून जसजसा दूर जातो, तसतसा आधार मोकळा होत जातो आणि तुळईच्या अंगावरचे परिबल वाढत जाते, ही गोष्ट आतून पाहिल्यावाचून कळतच नाही.

हे आत पाहणे मनुष्यजातीला सुलभ झाले नाही. तरफेचा नियम आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात गणिती पद्धतीने मांडला; तुळई आतून कशी तुटते हा प्रश्न गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात विचारला, पण तुटणाऱ्या छेदातील सगळेच तंतू ताणले जातात असे गृहीत धरल्यामुळे त्याचे उत्तर चुकले; आणि त्या उत्तराची योग्य मांडणी फ्रेंच अभियंता नाविए याच्या १८२६ च्या व्याख्यानग्रंथात स्थिर झाली. बाहेरचा समतोल समजल्यानंतर आतला ताण समजण्यास दोन हजार वर्षे लागली. माणसाच्या बाबतीत आपण अद्याप पहिल्याच टप्प्यावर रेंगाळत असलो, तर त्यात नवल नाही.

तुळई वाकते तेव्हा तिच्या पाठीकडचे तंतू दाबले जातात आणि पोटाकडचे ताणले जातात. या दोहोंच्या मध्ये एक थर असा असतो की, ज्याला ताणही नाही आणि दाबही नाही. अध्यात्माचा अभ्यासक येथे हर्षित होऊन म्हणेल की, हाच तो साक्षी, सुखदुःखांनी अस्पृष्ट राहिलेला. त्याचे म्हणणे खोटे नाही. मात्र ते अर्धे आहे. चौकोनी छेदाच्या तुळईत वरचा भाग खालच्या भागावरून लांबीच्या दिशेने सरकू पाहत असतो, आणि हे सरकणे रोखण्याचे काम सर्वाधिक त्या मधल्या थरावरच पडते. अशा सरकण्यापुढे लाकूड तंतूंच्या दिशेने दुबळे. म्हणून जुनी तुळई पुष्कळदा टोकाजवळ, उंचीच्या निम्म्यावर, आडवी चिरलेली दिसते. सुखदुःखांच्या मध्ये उभा राहणारा जो आहे, त्याला दोहोंचा स्पर्श नसेल. पण दोहोंना एकत्र धरून ठेवण्याचा श्रम त्याच्याच वाट्याला आलेला असतो, आणि चिरतोही तोच. ज्या उदासीनतेला कोणताही श्रम पडत नाही, तिला साक्षित्व म्हणण्यापेक्षा सुटलेला ढलपा म्हणणे अधिक योग्य होईल.

येथवरच्या विचाराचा पहिला निष्कर्ष असा की, समत्व म्हणजे वेदनेचा अभाव नव्हे. ज्या तुळईत ताण नाही, ती भार घेत नाही एवढेच सिद्ध होते. हा निष्कर्ष आपल्या परंपरेला परका नाही. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहून १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी गीतेचे तात्पर्य कर्मत्यागात नसून ज्ञानमूलक, भक्तिप्रधान कर्मयोगात आहे असे प्रतिपादिले, ते याच अर्थाने. वणी येथे १८८० साली जन्मलेले आणि टिळकांचे निष्ठावंत अनुयायी असलेले लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदच्या राखीव जंगलात कायदेभंग करून स्वतःला अटक करवून घेतली, तेव्हा त्यांच्या समबुद्धीचा अर्थ सरकारी भाराखालून निसटणे असा नव्हता. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर दिलेली आणि साने गुरुजींनी उतरून घेतलेली प्रवचने याच साम्याला व्यक्तीच्या चित्तातून समाजाच्या व्यवहारात उतरवू पाहतात; भूदान हा त्याचाच पुढचा पल्ला होय. वऱ्हाडच्या या कोपऱ्याला समत्वाचा कर्मप्रधान अर्थ शिकविण्यासाठी बाहेरून कोणी येण्याची आवश्यकता नाही.

परंतु दुसरा निष्कर्ष, जो आधारांच्या विचारातून निघतो, तो आपल्या निरूपणांत सहसा ऐकू येत नाही. तुळईचा समतोल ही एकट्या तुळईची मिळकत नाही. प्रतिक्रिया आधाराने द्यावयाची असते. तुळई कितीही सकस सागाची असो, टोकांखालचा खांब काढून घेतला की ती पडते, आणि त्या पडण्यात तिच्या गुणावगुणांचा काडीइतका संबंध नसतो. सामर्थ्य तुळईचे आणि समतोल तुळई व आधार यांच्यातील संबंधाचा, अशी ही वाटणी आहे. म्हणून एखादा मोडला असता केवळ त्याच्या मनोबलाची चौकशी करून पंचनामा पुरा करणे, हे अर्ध्या वस्तूचा पंचनामा करण्यासारखे होय.

आधारांचेही प्रकार आहेत, आणि त्यांत आसक्ती-अनासक्तीचा सनातन वाद अनपेक्षित रीतीने समोर येतो. साध्या आधारावर टेकलेल्या तुळईची टोके किंचित वळण्यास मोकळी असतात. रेल्वेच्या लोखंडी पुलांत तर तुळईचे एक टोक सरकण्यासही मोकळे ठेवतात. कारण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या या मुलखात, थंडीतील पहाट आणि वैशाखातील दुपार यांमध्ये लोखंडाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तरी २० मीटर लांबीची तुळई जवळजवळ एक सेंटिमीटर वाढते, आणि तिला ही वाढ नाकारली तर ती स्वतःलाच किंवा खाली धरणाऱ्या दगडी खांबाला फोडते. मूर्तिजापूर ते यवतमाळ या अडीच फुटी रुळांच्या मार्गावर एके काळी धावणारी शकुंतला ज्या काळ्या जमिनीतून जात असे, ती जमीनही मोठी लहरी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभारलेल्या भिंती व खांब वर्षानुवर्षे किंचित वरखाली होत राहतात. साध्या आधारावरची तुळई हे सहन करते. एक टोक बोटभर खचले, तर तुळई तेवढीच तिरपी होते. तिच्या अंगात त्या खचण्यामुळे नवा ताण उत्पन्न होत नाही. आश्रय घ्यावा, पण त्याला आपली गती जखडून घेऊ नये, हा जो उपदेश सर्व पंथांच्या साधूंनी केला, त्याचे यंत्रशास्त्रीय रूप हे असे आहे.

मग टोके घट्ट जखडलेली तुळई निकृष्ट काय? शास्त्र तसे म्हणू देत नाही. सारख्या पसरलेल्या भाराखाली दोन्ही टोके पक्की जखडली, तर मध्यावरचे परिबल साध्या तुळईच्या मानाने एक-तृतीयांशावर उतरते. त्याबद्दल टोकांशी नवे परिबल निर्माण होते, तेही मध्याच्या दुप्पट. पण एकंदर पाहता तीच तुळई अधिक भार उचलू शकते. गृहस्थाची आसक्ती अशीच आहे. ज्यांच्याशी तो जखडला गेला आहे, ते त्याच्या मध्यावरचे दुःख पुष्कळच हलके करतात, आणि त्याची किंमत म्हणून त्यांच्या खचण्याचा प्रत्येक धक्का त्याच्या अंगात शिरतो. बाप खचला की मुलगा पिळवटतो, भावाचे दिवाळे निघाले की बहिणीच्या घरात अबोला धरला जातो. खडकावर बांधावयाचे असेल, तर जखडलेली तुळई उत्तम; काळ्या जमिनीवर साधी तुळई शहाणपणाची. विरक्ती आणि प्रेम यांत निरपवाद श्रेष्ठ कोण, हा वाद म्हणूनच सुटत नाही. पायाखालची जमीन कोणती हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर देताच येत नाही.

गॅलिलिओने त्याच १६३८ च्या ग्रंथात सांगितलेली एक हकीकत येथे आठवते. संगमरवराचा एक मोठा स्तंभ आडवा करून, दोन टोकांखाली दोन ओंडके देऊन ठेवलेला होता. मधल्या भागात तो स्वतःच्या वजनाने मोडेल अशी धास्ती वाटून एका कारागिराने मध्यभागी तिसरा ओंडका सरकवण्याची सूचना केली, आणि ती सर्वांना पसंत पडली. काही महिन्यांनी पाहतात तो स्तंभ दुभंगलेला, आणि तोही नेमका त्या नव्या मधल्या आधाराच्या वर. झाले होते असे की, एका टोकाचा ओंडका कुजून खाली बसला, मधला मात्र टणक राहिला. त्यामुळे स्तंभाचा अर्धा भाग अधांतरी लोंबू लागला आणि त्याच्या वजनाने तो मधल्या आधारावर मोडला. दोनच ओंडके असते, तर एक खचल्यावर स्तंभ त्याच्यामागोमाग खाली गेला असता आणि शाबूत राहिला असता.

आपल्याकडील जाणता सुतार हेच निराळ्या रीतीने जाणतो. झुकलेल्या तुळईला टेकू देताना तो टेकूखाली पाचर घालतो, परंतु ती बेतानेच ठोकतो. टेकू तुळईला लागला पाहिजे, त्याने तिला रेटता कामा नये. पाचर अधिक ठोकली तर तुळई टोकांवरून उचलली जाते, आणि ज्या पाठीच्या तंतूंना आजवर दाबाची सवय होती ते अकस्मात ताणले जाऊन चिरतात. मदत करणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जो आधार इतरांबरोबर खचावयास तयार नसतो, जो आपल्या ताठरपणाने सगळा भार आपल्याकडे खेचून घेतो आणि मग तेवढ्याच जागी माणसाला मोडतो, असा आधार सावकाराच्या रूपाने येतो, कधी कायद्याच्या रूपाने येतो, आणि कधी अतिउत्साही धर्मोपदेशकाच्या रूपानेही येतो.

मात्र नीट दिलेल्या टेकूचा प्रताप विलक्षण आहे. सारख्या भाराखालच्या तुळईच्या मध्यावर, टोकांच्याच पातळीत, एक टेकू दिला की तिच्यातील सर्वांत मोठे परिबल चौथ्या हिश्श्यावर येते. भार एक किलोनेही कमी झालेला नसतो. आणि या टेकूने स्वतः काय उचलले ते पाहू गेल्यास, दोन टोकांनी मिळून उचललेल्या भाराहून अधिक, एकूण भाराचे पाच-अष्टमांश, त्याच्या माथ्यावर आलेले दिसतात. मध्ये उभे राहणे हे फुकटचे पुण्य नव्हे.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाण या गावच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे पत्नी आणि चार मुलांसह जीवनाचा अंत केला. महाराष्ट्रात उघडपणे नोंदली गेलेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि गेली काही वर्षे त्या दिवशी अनेक लोक अन्नत्याग करतात. ज्या परिसरात हे घडले, तो विनोबांच्या साम्ययोगाचा परिसर. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. हा त्या विचाराचा पराभव म्हणावयाचा काय? माझ्या मते नाही. पण त्या विचाराचा केवळ उपदेशापुरता अंगीकार करणाऱ्यांचा तो खचित पराभव आहे. पुढे २००६ साली केंद्र सरकारने यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८ साली देशव्यापी कर्जमाफी झाली, आणि तिच्यातील संपूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टरांची असल्यामुळे कोरडवाहू वऱ्हाडातील थोड्या मोठ्या जमिनीचे, परंतु तितकेच हलाखीचे, पुष्कळ खातेदार त्या मर्यादेबाहेर पडले. अशा उपायांची थट्टा करू नये. भार उतरविणे हे पुण्याचेच काम होय. पण भार एकदा उतरविला तरी गाळा तेवढाच लांब राहतो. पुढच्या मृगात नवा भार येतो, तो पुन्हा आधारांपासून तितक्याच दूर पडतो, आणि तुळई पुन्हा तेवढीच वाकते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यथार्थ आहे. या रीतीने विचार केला तर धर्म हा साहाय्यनिधीचा एक विभाग होऊन बसेल, आणि साधना, जप, ध्यान यांना अर्थ उरणार नाही, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. दहा सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर उंच तुळई आडवी न ठेवता उभी ठेवली, तर तेच लाकूड, तेच वजन, दुप्पट परिबल सहन करते आणि वाकते चौथ्या हिश्श्याने. अंतःकरणाची ठेवण बदलल्याने माणसाची सोसण्याची शक्ती किती वाढते, याची साक्ष सर्व संतांच्या चरित्रांत आहे, आणि ती शक्ती कोणत्याही सरकारी दरखास्तीने मिळत नाही. साधना तुळईला उभी ठेवते. परंतु उभी ठेवलेली तुळईसुद्धा अधांतरी राहत नाही; आणि दुसऱ्याला उभे राहण्याचा उपदेश करणारा स्वतः त्याच्या टोकाखाली नसेल, तर त्याचे बोलणे खरे असूनही निरुपयोगी ठरते. ईश्वर आपला आधार आहे असे भक्त म्हणतो तेव्हा तो चुकत नाही. मात्र तो आधार या जगात आजवर ज्या ज्या वेळी कोणाच्या अनुभवास आला, त्या त्या वेळी तो पुष्कळदा कोणा ना कोणा माणसाच्या हातांतून आलेला आहे.

वऱ्हाडातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे सूत्र कोणत्याही शास्त्रावाचून ओळखले होते. कर्ज काढून सण साजरे करू नका असे कीर्तनात सांगताना ते भार कमी करीत होते. आणि पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभारताना ते गाळा तोडून मध्ये आधार देत होते. देवळात मूर्तीपुढे बसून राहणे त्यांनी पसंत केले नाही, पण समत्वात ते कोणत्याही मठाधिपतीहून उणे नव्हते.

तेव्हा आपल्या जिल्ह्यातील कीर्तनकार, प्रवचनकार आणि सप्ताहाची व्यवस्था पाहणारी मंडळी यांना एवढीच विनंती करावीशी वाटते की, स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगण्यास मुळीच संकोच करू नका, पण ज्येष्ठ महिन्यात, पेरणीच्या आधी, आपल्या श्रोत्यांपैकी कोणाचा गाळा सर्वांत लांब आहे याची एकदा नावानिशी चौकशी करा. देवस्थानाच्या शिलकीतून बियाण्यापुरती बिनव्याजी उचल देता येते. सोसायटीच्या कर्जाचा कागद अडला असेल, तर शिकलेल्या माणसाला एक दिवस तहसिलीत बरोबर पाठवता येते. आणि जो बोलेनासा झाला आहे, त्याच्या ओसरीवर संध्याकाळी जाऊन बसणे तर कोणालाही जमते. देताना पाचर फार ठोकू नका. घेणाऱ्याची मान खाली जाईल अशी मदत त्याला त्याच जागी चिरते. एवढे केल्यावर मग व्यासपीठावर बसून समत्व सांगा. ते ऐकण्याचा अधिकार श्रोत्याला होताच. सांगण्याचा अधिकार तुम्हाला तेव्हा प्राप्त झालेला असेल.